दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट आहे. शाहूपुरींतील माझ्या घराच्या ओट्यावर मी सायंकाळीं वाचीत बसलों होतों. एवढ्यांत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. आठ-नऊ वर्षांपूर्वीं तो माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गांत असे. आतां मार्केट यार्डांत वडिलांची गुळाची अडत सांभाळतो. चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढें ठेविला. कागदावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बारीक काड्यांसारख्या आकृति जोडीजोडीनें मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक जोडीखालीं एक आंकडा होता. एकविसाव्या आंकड्यावर मात्र दोहोंऐवजीं तीन काड्या होत्या, व तेथें कोणीं तरी तांबड्या शाईनें बाण काढला होता.

“सर, हा माझ्या मुलाचा कागद,” तो म्हणाला. “दोन महिन्यांचा झाला. याला डाउन सिंड्रोम म्हणतात असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि हें कसें होतें तेंही नीट समजावून दिलें. पण घरांत रोज एकच वाद चालतो. आई म्हणते, सुनेनें ग्रहण पाळलें नाहीं. आत्या म्हणते, मुलीकडच्यांच्या रक्तांतच कांहीं तरी असणार. वडील म्हणतात, पूर्वजन्मींचें देणें आहे, फेडलें पाहिजे. ती बिचारी कांहींच बोलत नाहीं. आपण आम्हांला तर्कशास्त्र शिकविलेंत. दोष कोणाचा, तें आपण सांगा.”

मीं त्याला आठ दिवसांनीं यावयास सांगितलें. कारण खरें सांगावयाचें तर त्या वेळीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या आठ दिवसांत जें वाचलें आणि जो विचार केला तो येथें मांडीत आहें. हा प्रश्न त्या एका घराचा नाहीं. ज्या घरांत मूल अधू जन्मतें, किंवा जन्मण्यापूर्वींच जातें, किंवा नुसतें मुलगी म्हणून जन्मतें, त्या प्रत्येक घरांत कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारीत असतो, आणि बहुधा उत्तर आधीं ठरवूनच विचारीत असतो.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहूं. ‘दोष’ या एका शब्दावर आपण तीन निरनिराळीं कामें लादलीं आहेत. घड्याळ मागें पडतें तेव्हां त्याच्या यंत्रांत दोष आहे असें आपण म्हणतों. तेथें दोष म्हणजे उणीव. वैद्य वात, पित्त आणि कफ यांना त्रिदोष म्हणतो. तेथें तर दोष निरोगी शरीरांतही असतात, त्यांचें प्रमाण बिघडलें म्हणजे रोग होतो. आणि चोरी करणारास न्यायाधीश दोषी ठरवितो. तेथें दोष म्हणजे अपराध. पहिल्या दोन अर्थांनीं दोष नुसता असतो. तिसऱ्या अर्थानें तो लागतो, किंवा दिला जातो. उणीव दाखवितां दाखवितां आपण अपराधापर्यंत केव्हां येऊन पोंचलों हें बोलणाराच्याही ध्यानांत येत नाहीं. मुलाच्या शरीरांत दोष आहे, हें वाक्य खरें असतें; त्यावरून ‘तर मग तो कोणाचा?’ असा प्रश्न निघतो, आणि षष्ठीच्या त्या एका प्रत्ययानें घरांत एक आरोपी उभा राहतो. एका शब्दाचे दोन अर्थ करून वाद जिंकण्यास न्यायशास्त्रांत वाक्छल म्हणतात. येथें आपण तो छल नकळत आपल्याच माणसांवर करतों.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत धाग्यासारखे अतिसूक्ष्म घटक असतात. इंग्रजींत त्यांस क्रोमोसोम म्हणतात. मराठींत ‘गुणसूत्र’ असा सुरेख शब्द रूढ झाला आहे. हीं सूत्रें सेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. प्रत्येक जोडींतील एक आईकडून व एक बापाकडून आलेलें. ही साधी मोजणीही शास्त्रज्ञांस सहजासहजीं साधली नाहीं. १९२३ पासून तीसएक वर्षें नामांकित विद्वान हीं सूत्रें अठ्ठेचाळीस आहेत असें शिकवीत होते. १९५६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें काम करणाऱ्या त्जिओ व लेव्हान या दोघांनीं तीं सेहेचाळीस असल्याचें दाखवून दिलें. तीन वर्षांनीं, १९५९ सालीं, पॅरिस येथें लेज्यून, गोतिए आणि त्युर्पें यांनीं प्रसिद्ध केलें कीं, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एक सूत्र अधिक असतें. त्या कागदावरील तिसरी काडी ती हीच. डाउन हें एका इंग्रज वैद्याचें आडनांव. त्यानें १८६६ सालीं या मुलांचें वर्णन केलें, पण त्यांच्या डोळ्यांची ठेवण पाहून त्यांना मंगोल लोकांचें नांव दिलें. एका अर्भकाचें लक्षण सांगतांना एका अखंड मानवसमूहास कमीपणा आणणारें तें नांव जवळजवळ शंभर वर्षें वैद्यकाच्या पुस्तकांत टिकून होतें.

हें तिसरें सूत्र येतें कोठून? स्त्रीबीज व पुरुषबीज तयार होतांना प्रत्येक जोडी फुटावी आणि एकेका बीजांत एकेकच सूत्र जावें, असा सृष्टीचा क्रम आहे. क्वचित् एखादी जोडी फुटत नाहीं. दोन्ही सूत्रें एकाच बीजांत जातात, आणि दुसऱ्या बाजूचें एक मिळून तीं तीन होतात. डाउन सिंड्रोमच्या शंभर मुलांपैकीं सुमारें पंचाण्णवांच्या बाबतींत एवढेंच घडलेलें असतें. तें ग्रहणानें घडत नाहीं, विळीनें भाजी चिरल्यानें घडत नाहीं, मनांत आलेल्या एखाद्या वाईट विचारानेंही घडत नाहीं. बहुतेक वेळां गर्भ राहण्याच्या आधींच तें घडून गेलेलें असतें. मग गरोदरपणांत सुनेनें काय पाळलें आणि काय मोडलें याचा त्याच्याशीं संबंध कसा पोंचावा? कार्य आधीं आणि कारण मागाहून, असें कोणतेंही शास्त्र मानीत नाहीं.

येथें एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. हें अधिक सूत्र दहांपैकीं सुमारें नऊ वेळां स्त्रीबीजांतून आलेलें असतें, आणि स्त्रीचें वय वाढतें तसा हा संभवही वाढतो. पंचविसाव्या वर्षीं साडेबाराशेंत एक, पस्तिसाव्या वर्षीं साडेतीनशेंत एक आणि चाळिसाव्या वर्षीं शंभरांत एक, असे ढोबळ आंकडे दिले जातात. हें ऐकतांच आत्याबाई म्हणतील, ‘म्हणजे शेवटीं आईच ना!’ त्यांनीं थोडें थांबावें. मुलीचीं स्त्रीबीजें ती स्वतः आपल्या आईच्या उदरांत असतांनाच घडूं लागतात. त्यांचें विभाजन अर्ध्यावर थांबतें, आणि वीस-तीस वर्षांनीं एकेक बीज पक्व होतांना तें पुढें चालूं लागतें. इतका दीर्घ काळ ताटकळलेल्या एखाद्या जोडीची गांठ वेळेवर सुटत नाहीं. यांत त्या स्त्रीनें केलें काय? तिची इच्छा, तिचें ज्ञान, तिचें आचरण, यांपैकीं कशासही तेथें प्रवेश नाहीं. बीज तिचें खरें, पण कृति तिची नव्हे. शिवाय माझ्या विद्यार्थ्याची पत्नी अवघी सव्वीस वर्षांची आहे. मुलें बहुधा तरुण वयांतच होत असल्यामुळें अशा मुलांच्या पुष्कळशा माता तरुणच असतात.

आईस दोष देण्याची आपली संवय जुनी आहे. मुलीच झाल्या म्हणून सुनेच्या उरावर सवत आणणारीं घराणीं आपल्या पणजोबांच्या पिढींत थोडींथोडकीं नव्हतीं. १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें एका किड्याच्या अभ्यासावरून दाखविलें कीं, संतति नर होणार कीं मादी होणार हें नराच्या बीजांतील सूत्रावर ठरतें. मनुष्याचेंही तसेंच आहे. आई एकाच प्रकारचें लिंगसूत्र देऊं शकते. बापाचें बीज दोहोंपैकीं कोणतें घेऊन येतें त्यावर मुलगा कीं मुलगी हें ठरतें. म्हणजे शेंकडों वर्षें ज्या गोष्टीची शिक्षा स्त्रियांनीं भोगली ती त्यांच्या हातीं नव्हतीच. कांहीं सुधारक मंडळी आतां मोठ्या आवेशानें सांगतात कीं, दोष पुरुषाचा. हेतु चांगला, पण तर्क तोच. बापानें तरी आपलें कोणतें बीज पुढें धाडावें हें कोठें ठरविलें होतें? दोषाची पाटी एका डोक्यावरून उतरवून दुसऱ्या डोक्यावर ठेविली, एवढेंच. आणि मुलगी होणें हा मुळीं दोषच नव्हे, हें सांगावयाचें राहूनच गेलें. गर्भपाताचीही तीच कथा. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ आपोआप पडतात त्यांपैकीं सुमारें निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली आढळते. ‘हिच्या पोटीं मूल टिकत नाहीं’ हें वाक्य ज्यांनीं आपल्या सुनांना ऐकविलें त्यांना ही माहिती कोणीं दिली नव्हती. आतां ती न घेण्यास सबब उरलेली नाहीं.

वडिलांचें म्हणणें आईच्या म्हणण्याहून गंभीर आहे. कर्मसिद्धान्ताची थट्टा करण्याची मला इच्छा नाहीं. त्याच्या आधारावर मोठमोठीं दुःखें शांतपणें सोसलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. ‘हें माझें भोगणें आहे, मी तें भोगीन,’ असें मनुष्य स्वतःविषयीं म्हणतो तेव्हां त्यांतून धैर्य येतें. पण तेंच वाक्य ‘हें तुझें भोगणें आहे’ असें दुसऱ्याविषयीं उच्चारलें कीं त्याचा आरोप होतो. आणि तो आरोप कसा, तर आरोपीस गुन्हा आठवत नाहीं, साक्षीदार नाहीं, पुरावा नाहीं, अपीलही नाहीं! जिल्ह्याच्या कोर्टांत असा निकाल कोणी ऐकून घेणार नाहीं. तो आपण पाळण्यांतल्या मुलावर आणि त्याच्या आईवर बजावतों. प्रथम पुरुषीं जें वाक्य पुण्यकारक तें द्वितीय पुरुषीं निर्दय ठरावें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. वडिलांना ऋण फेडावयाचेंच असेल तर त्यांनीं तें स्वतःचें समजावें व नातवास मांडीवर घ्यावें. माझा वाद तेथेंच संपेल.

राहिला आत्याबाईंचा रक्ताचा मुद्दा. येथें वाचकांस एक भेद लक्षांत ठेवावा लागेल. जन्मतः असलेली प्रत्येक गोष्ट आनुवंशिक नसते. वर सांगितलेला डाउन सिंड्रोमचा नेहमींचा प्रकार हा कुळांतून उतरत आलेला नसतो; तो त्या एका बीजापुरता घडलेला अपघात असतो. शंभरांपैकीं तीन-चार मुलांत मात्र एकविसावें सूत्र दुसऱ्या एखाद्या सूत्रास चिकटलेलें असतें, आणि तशी जोड आई किंवा बाप यांपैकीं एकाच्या अंगीं, त्यास कांहींही त्रास न देतां, वसत असूं शकते. म्हणून मुलाचा कागद पाहून डॉक्टर गरज वाटल्यास आईबापांचींही सूत्रें तपासावयास सांगतात. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावर तीनही काड्या सुट्या होत्या; पुढच्या मुलास हेंच होण्याचा संभव अशा वेळीं शंभरांत सुमारें एक, असें सांगतात.

खरोखर कुळांतून येणारे जे रोग आहेत त्यांचेंही उत्तर आत्याबाईंस सोईचें नाहीं. थॅलसीमिया किंवा विदर्भ-खानदेशांतील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल यांसारख्या रोगांत सदोष जनुक दोन्हीकडून यावें लागतें. आईबाप दोघेंही धडधाकट असतात, दोघेंही त्याचीं नुसतीं वाहक असतात, आणि प्रत्येक वेळीं चारांत एक असा संभव असतो. ‘आमच्या घरांत असलें कांहीं नव्हतें’ या वाक्यास येथें अर्थच उरत नाहीं. होतें, दिसत मात्र नव्हतें. आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आहे. मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्या जनुकांचा आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळें एकच लपलेला दोष दोघांकडून येण्याचा संभव वाढतो. सर्वसाधारण विवाहांत शंभर मुलांमागें दोन-तीन मुलांस जन्मजात व्यंग असतें. इतक्या जवळच्या नात्यांत तें प्रमाण जवळजवळ दुप्पट होतें. हा विचार लग्नापूर्वीं करण्याचा आहे. नंतर सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याचा नव्हे, कारण तें माहेर म्हणजे सासूच्याच भावाचें घर असावयाचें!

आणि रक्ताचा एवढा अभिमान कोल्हापुरांत तरी कोणीं बाळगावा? डाउननें आपला निबंध लिहिला त्याच १८६६ सालीं मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध ब्रनो येथें प्रसिद्ध झाला, आणि आनुवंशाच्या शास्त्राचा पाया घातला गेला. योगायोग असा कीं, त्याच सालीं कोल्हापूरचे बाबासाहेब महाराज वारले व दत्तक राजाराम महाराज गादीवर आले. ते १८७० सालीं इटलींत फ्लॉरेन्स येथें निवर्तले. पुढच्या सालीं आलेले चौथे शिवाजी महाराजही दत्तकच, व ते १८८३ सालीं गेल्यावर १८८४ च्या मार्च महिन्यांत कागलच्या घाटग्यांच्या घरांतला दहा वर्षांचाही न झालेला मुलगा राणी आनंदीबाईंनीं मांडीवर घेतला. तेच शाहू महाराज. अठरा वर्षांत तीन दत्तक. आणि ज्या पुरुषाच्या नांवानें ही आमची शाहूपुरी ओळखली जाते तो या गादीच्या पोटीं जन्मलेला नव्हता. दत्तक घेण्यांत राजकारण होतें, निवड होती, हें मला मान्य आहे. तथापि या राज्याचा सर्वांत मोठा वारसा रक्तावांचून चालत आला ही गोष्ट खोटी होत नाहीं. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याच्या रीतीस ज्यानें १९०२ च्या जुलैंत पन्नास टक्के राखीव जागांच्या हुकुमानें धक्का दिला, तो स्वतः स्वीकारानें राजा झालेला होता.

रक्ताची ही कल्पना केवळ अडाणी माणसांत असती तर मीं एवढा विस्तार केला नसता. तिनें शास्त्राचा अंगरखा घालून शिकलेल्या लोकांच्या घरींही मुक्काम केला आहे. १९२७ सालीं येथील राजाराम कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकविणारे ना. सी. फडके यांनीं हिंदुस्थानांत सुप्रजाजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला. मार्गारेट सँगर यांनीं त्यास प्रस्तावना दिली. संततिनियमनाविषयीं उघड बोलणें त्या काळीं धाडसाचें होतें, व त्या धाडसाचें श्रेय फडक्यांस दिलें पाहिजे. पण सुप्रजेच्या विचाराच्या पोटांत कुप्रजेचा विचार लपलेला असतो. त्याच १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ‘मंदबुद्धि’ ठरविलेल्या एका तरुणीस सक्तीनें वंध्य करण्याचा कायदा उचलून धरला. १९३३ सालीं जर्मनींत तसाच कायदा झाला आणि त्याखालीं सुमारें चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९३९ पासून तर तेथें अपंग मुलें व मनोरुग्ण यांना मारूनच टाकण्यास आरंभ झाला. दोष शरीरांत पाहिला, मग वंशांत पाहिला, मग त्यास अपराध म्हटलें, आणि अखेरीस शिक्षा दिली : पायऱ्या त्याच, ज्या त्या अडत्याच्या घरांत चढल्या जात होत्या. याच बर्लिनमध्यें थोडीं वर्षें आधीं आपल्या इरावती कर्वे यूजेन फिशर या वंशवादी पंडिताच्या हाताखालीं कवट्या मोजीत होत्या. कवटीची विषमता आणि वंश यांचा गुरूस हवा असलेला संबंध मापांत आढळला नाहीं, आणि त्यांनीं आपल्या प्रबंधांत तसेंच लिहिलें.

येथपर्यंत मी म्हणत आलों कीं, या गोष्टींत दोष कोणाचाच नाहीं. पण जेथें दैवाचा हात संपतो आणि मनुष्याचा हात सुरू होतो तेथें हें विधान तसेंच पुढें ओढतां येणार नाहीं. गर्भजलांतील पेशी तपासून गुणसूत्रांतील बिघाड जन्मापूर्वीं ओळखण्याची रीत १९७० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत आली. आली ती या रोगांसाठीं. वापरली गेली ती मुली वेंचून काढण्यासाठीं. पुढें सोनोग्राफीनें तें काम अधिक सुलभ केलें. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला; १९९४ सालीं केंद्राचा कायदा झाला, आणि २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. तरीही २००१ च्या शिरगणतींत कोल्हापूर जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली निघाल्या आठशें एकोणचाळीस. निसर्ग स्वतःच्या वांटणीनें हजारांस साडेनऊशेंच्या आसपास मुली देतो; उरलेल्या शंभरांहून अधिक आम्हीं वजा केल्या. ऊंस, दूध आणि शिक्षण यांनीं संपन्न झालेल्या, शाहूंचें नांव घेणाऱ्या या जिल्ह्यानें! २०१० सालीं येथील जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनीं प्रत्येक सोनोग्राफी यंत्रास नोंद ठेवणारें ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हें उपकरण बसविण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांच्या एका संघटनेनें त्यास आव्हान दिलें, पण २०११ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो कायम केला. त्या वर्षींच्या गणतींत आंकडा आठशें त्रेसष्टांवर आला. येथें ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तरही आहे. पण तो या ठिकाणीं मात्र कोणी विचारीत नाहीं. सूत्रांच्या वांटणीबद्दल सुनेस धारेवर धरणारें घर, डॉक्टरास दिलेल्या पैशांबद्दल मूग गिळून बसतें.

मग डाउन सिंड्रोम जन्मापूर्वीं कळला तर? कायद्यानें ही परीक्षा मना केलेली नाहीं, व अशा स्थितींत गर्भपाताचीही वाट ठेविली आहे. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणें आणि जन्मभर पुरणाऱ्या दुबळेपणाच्या विचारानें एखाद्या जोडप्यानें तो निर्णय घेणें, हीं दोन्हीं मला एक वाटत नाहींत. दुसऱ्या प्रसंगीं ओट्यावर बसून निकाल देण्याचा मला अधिकार नाहीं; तो ज्याचा त्यानें, पुरती माहिती घेऊन करावा. पुरती माहिती म्हणजे काय? अशा मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत व्यंग असतें, बुद्धीची वाढ सावकाश होते, कान, डोळे व थायरॉइड यांची वेळोवेळीं तपासणी लागते. हें जसें सांगावें तसेंच हेंही सांगावें कीं, शंभर वर्षांपूर्वीं जीं मुलें बाळपणींच जात तीं आज प्रगत देशांत सरासरीनें साठीच्या घरांत पोंचतात, पुष्कळशीं लिहितात-वाचतात, लहानमोठें काम करतात. आणि एवढ्यावर एक प्रश्न मी आपणां सर्वांस विचारीन. त्या जोडप्यास भीति मुलाच्या आजाराची वाटते, कीं आपल्या जिभेची? आत्याबाईंच्या भीतीनें जर निर्णय झाला असेल, तर तो त्या दोघांचा नव्हे, आपला आहे.

आठ दिवसांनीं तीं दोघें मुलाला घेऊन आलीं. मीं वर लिहिलेलें बहुतेक सारें त्यांना सांगितलें, आणि कबूल करतों कीं, थोड्या अभिमानानें सांगितलें. विद्यार्थ्याचा चेहरा मोकळा झाला. “म्हणजे, सर, दोष कोणाचाच नाहीं,” तो म्हणाला. त्यावर त्याची पत्नी प्रथमच बोलली. मुलाच्या तोंडाकडे पाहतच ती म्हणाली, “दोष कोणाचा नाहीं हें बरें झालें, सर. पण रात्रीं उठतें कोण?”

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग कळलें तें असें. अशा मुलांचे स्नायु ढिले असतात, त्यांना चोखण्याचे श्रम होतात. एकेका वेळच्या दुधास तासतास लागतो. दोन महिने ती एकटी रात्रीं तीन-तीन वेळां उठत होती. दिवसा बाकीचें घर दोष कोणाचा याचा विचार करी, आणि रात्रीं झोपे.

माझें तर्कशास्त्र चुकलें नव्हतें. तें अपुरें होतें. मीं आरोपीस सोडविलें, आणि आरोपीबरोबर सगळेच मोकळे झाले. दोष कोणाचा नाहीं याचा अर्थ काम कोणाचें नाहीं असा होऊं लागला, तर त्या बाईच्या दृष्टीनें आत्याबाईंचें घर आणि माझें तत्त्वज्ञान यांत फारसें अंतर नाहीं. वस्तुतः जगांतील बहुतेक कर्तव्यें अपराधांतून उत्पन्न झालेलीं नसतात. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी शहरांत चढलें तेव्हां ज्यांचीं घरें कोरडीं होतीं त्यांनीं अनोळखी माणसांस घरांत घेतलें, भाकऱ्या भाजून पाठविल्या. पूर कोणाच्या दोषानें आला हें ठरल्यावर दार उघडूं, असें कोणी म्हणाला नाहीं. आणि दत्तकाचें तरी काय? परक्याच्या मुलास मांडीवर घेऊन चार माणसांसमक्ष ‘हें माझें’ असें म्हणावें लागतें, आणि मग तें खरेंच आपलें होतें. मला वाटतें, पोटच्या मुलाविषयींही घरांतल्या प्रत्येकानें तें एकदां म्हणावेंच लागतें. धडधाकट मूल असलें म्हणजे तें न म्हणतां चालून जातें, म्हणून आपल्या ध्यानांत येत नाहीं. असें मूल आलें कीं तें मोठ्यानें म्हणावें लागतें. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानें समाजानेंही तें थोडेंबहुत म्हटलें आहे; कोल्हापुरांत चेतना अपंगमति विकास संस्थेसारख्या ठिकाणीं अशा मुलांस शिकविणारीं माणसें रोज तेंच म्हणत असतात.

त्या घरांतील वाद मिटला असें मी सांगत नाहीं. मुलाच्या हृदयाची तपासणी झाली. एक लहानसें छिद्र आहे, पण तूर्त नुसतें लक्ष ठेवावयास सांगितलें आहे. रात्रीची पहिली पाळी आतां माझा विद्यार्थी करतो, आणि सकाळीं सौद्याच्या वेळीं डुलक्या घेतो म्हणून वडील रागावतात. त्याच्या आईनें ग्रहणाची गोष्ट अजून सोडलेली नाहीं. पण दर मंगळवारीं नातवाला व्यायामोपचारासाठीं रिक्षांतून त्याच घेऊन जातात. परवा कोपऱ्यावर भेटल्या, तेव्हां तो आतां मान धरूं लागला हें मला सांगितल्यावांचून त्यांना पुढें जाववेना.